कीबोर्ड गेला म्हणून अर्धा लॅपटॉप का बदलायचा?

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या कुणकेश्वरजवळून एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "घरून मराठी टायपिंग आणि डेटा एन्ट्रीची कामं करते. लॅपटॉप घेऊन दोन वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात कीबोर्ड गेला, तो वॉरंटीत बदलून मिळाला. आता वॉरंटी संपली आणि पुन्हा तेच. स्पेसबार, बी, एन आणि बाणाचं एक बटण चालत नाही. सकाळी त्रास जास्त, दुपारी थोडं बरं. सर्व्हिस सेंटरवाले ११,५०० रुपये सांगतात, वर आत पाणी गेलंय म्हणतात. मी पाणी सांडलेलं नाही. बाजारातला एक जण अडीच हजारात करून देतो म्हणतो. कोणाचं ऐकू? आणि एवढे महागाचे लॅपटॉप, त्यांचे कीबोर्ड असे कसे?"

ताई, ११,५०० भरू नका. अडीच हजारवाल्यालाही लगेच हो म्हणू नका. सकाळी जास्त, दुपारी कमी असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून काम याहून कमीत होण्याची बरीच शक्यता दिसते. आतला मार्ग पूर्ण तुटलेला कीबोर्ड घड्याळ बघून बंद पडत नाही. रात्रभर दमट हवेत पडून असलेल्या लॅपटॉपच्या आत सकाळी ओल धरलेली असते. तासाभर मशीन चाललं की त्याच्याच उष्णतेने ती उडते आणि बटणं पुन्हा चालायला लागतात. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात मालवणहून येणारं गिऱ्हाईक हेच दुसऱ्या टोकाने सांगतं, "काल सांजेपर्यंत बरो होतो, आज उठलंय तर काय चलना नाय." दोष तोच. आता ती ओल केबलच्या तोंडाशी बसलीय की कीबोर्डच्या पोटात, यावर तुमचा खर्च ठरणार.

आत काय असतं ते आधी सांगतो, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला जोखता येईल. लॅपटॉपच्या बटणाखाली प्लास्टिकची छोटी कात्री असते, तिच्या मधोमध रबराची टोपी. त्याखाली पातळ प्लास्टिकचे तीन कागद. वरच्या आणि खालच्या कागदावर चांदीमिश्रित शाईने रेघा ओढलेल्या असतात, मधला कागद भोकांचा. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते, एवढाच सगळा खेळ. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. सगळी बटणं साधारण ८ आडव्या आणि १६ किंवा जरा जास्त उभ्या रेघांच्या जाळ्यात बसवलेली असतात. म्हणून एक रेघ खराब झाली की एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच बटणं एकदम जातात. तुमची स्पेस, बी, एन आणि बाण ही बहुधा एकाच रेघेवरची मंडळी असावीत. एकच बटण गेलं असतं तर मी आधी त्याखालचा कचरा किंवा तुटलेली कात्री शोधली असती. सगळी जाळी एका चपट्या रिबन केबलने मदरबोर्डला जोडलेली असते आणि त्या केबलचं तोंड एका लहानशा कुलपी सॉकेटमध्ये नुसतं दाबून बसवलेलं असतं. तिथे गंज किंवा ओल आली तरी लक्षणं हुबेहूब हीच.

आता आपला किनारा. मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपणहून विरघळून थेंब होतो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. खारा वारा वर्षभर लॅपटॉपच्या फटींतून मिठाचे सूक्ष्म कण आत नेऊन ठेवतो, पावसाळा लागला की त्या प्रत्येक कणाचं खारं पाणी होतं. ते पाणी चांदीच्या रेघांवर बसतं, त्यातून थोडा थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि चांदी एका रेघेवरून शेजारच्या रेघेकडे सरकायला लागते. मग कधी बटण चालत नाही, तर कधी एक दाबल्यावर तीन अक्षरं उमटतात. सर्व्हिस सेंटरवाले "पाणी" म्हणतात ते हेच असू शकतं. तुम्ही सांडलं नाहीत हे खरं आणि आत पाणी झालं हेही खरं. वॉरंटीच्या अटींत मात्र असल्या गंजाला बहुतेक कंपन्या जागा ठेवत नाहीत, आणि भांडण तिथेच सुरू होतं.

माझं दुकान कणकवलीला आहे. समुद्रापासून लांब, घाटाच्या बाजूला असलेल्या फोंड्याकडच्या ऑफिसांतले आणि शाळांतले लॅपटॉप कीबोर्डसाठी क्वचित येतात. किनाऱ्यावरच्या देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचे सारखे येतात. खोलल्यावर आतल्या धुळीवरूनही गाव कळतं. चिरेखाणीच्या बाजूचा असेल तर लाल भुकटी, होमस्टेवाल्याचा असेल तर वाळू. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागायतदारांचे येतात ते चिकट असतात आणि त्यांत हमखास मुंग्या. मुंग्या चांदी खात नाहीत, पण रसाच्या मागे आत जाऊन तिथेच मरतात आणि रबराच्या टोपीखाली अडकतात. पालीची अंडीही निघतात, ती मात्र बहुतेक पंख्याच्या बाजूला.

खर्च करण्याआधी घरच्या घरी एवढं बघा. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून तीच बटणं दाबा. त्यावरही चालत नसतील तर दोष विंडोजमध्ये आहे, कीबोर्डला हात लावायचं कारण नाही. उजवं शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून धरलं गेलं की विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय चालू होऊ शकते, मग पटकन दाबलेली बटणं ते मोजतच नाही. कीबोर्ड मेला म्हणून एसटीने लांबून आलेली माणसं मी यावरून पैसे न घेता परत पाठवलीत. विंडोजचा संशय पूर्ण फिटवायचा असेल तर मशीन चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जा. कंपनीप्रमाणे एफ २ किंवा एफ १० ने ते उघडतं. तिथेही बाण चालत नसेल तर दोष हार्डवेअरचाच.

आणखी एक गोष्ट, आणि ही गंभीर आहे. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डोळे त्याच्या पातळीला आणा. कीबोर्ड मधोमध फुगलेला दिसतो का? टचपॅड वर आलाय, झाकण नीट मिटत नाही असं आहे का? असेल तर बॅटरी फुगलीय आणि ती खालून बटणं दाबतेय. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि थेट दुकानात न्या. वर दाब देऊन बसवायला जाऊ नका. दिवसभर चार्जिंगला लावून ठेवलेल्या मशीनमध्ये हे जास्त दिसतं. म्हणून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय तुमच्या मशीनमध्ये असेल तर ती चालू करून ठेवा.

हे सगळं ठीक निघालं तर मेकॅनिकला एकच काम सांगा. मागचं झाकण खोलून कीबोर्डची रिबन काढायची, तिची टोकं आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, सुकू द्यायचं आणि परत बसवायचं. हे काम मी ३०० रुपयांत करतो, इतर कोणी ५०० घेईल. तुमच्यासारख्या तक्रारीत मी याच्यापासूनच सुरुवात करतो. चाललं तर चाललं. नाही चाललं तर कीबोर्ड बदलायचा हे नक्की झालं आणि तुमचं फार काही गेलं नाही. घरी मात्र सॅनिटायझर ओतू नका. त्यात पाणी असतं, वर चिकट ग्लिसरीनही. कोविडच्या काळात सॅनिटायझरने पुसून पुसून घालवलेले कीबोर्ड माझ्याकडे ढिगाने आले होते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही सोडा, कीबोर्डच्या तीन कागदांमधलं खारं पाणी तांदूळ ओढून घेत नाही.

आता ११,५०० कसे होतात ते. जुन्या जाड लॅपटॉपचा कीबोर्ड वरून निघायचा. दोन-चार स्क्रू, एक केबल, दहा मिनिटं. काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये तर पोटाशी दोन स्क्रू सैल केले की कीबोर्ड सरकून बाहेर, आणि खाली सांडलेलं पाणी वाहून जायला भोकंसुद्धा. मशीन पातळ करायच्या नादात कंपन्यांनी कीबोर्ड वरच्या झाकणालाच आतून प्लास्टिकच्या डझनावारी खिळ्यांनी वितळवून चिकटवला. आता कीबोर्डपर्यंत पोचायला मदरबोर्ड, बॅटरी, पंखा सगळं बाहेर काढावं लागतं. सर्व्हिस सेंटर ते खिळे तोडत बसत नाही. त्यांच्या यादीत सुटा कीबोर्ड नसतोच, "कीबोर्डसह वरचं कव्हर" असा एकच भाग असतो. म्हणजे तुम्हाला सांगितलेली किंमत कीबोर्डची नाही, अर्ध्या सांगाड्याची आहे.

याची सगळ्यात गाजलेली गोष्ट ॲपलची. २०१५ साली त्यांनी १२ इंची मॅकबुकमध्ये बटरफ्लाय नावाचा नवा कीबोर्ड आणला, पुढच्या वर्षी तो मॅकबुक प्रोमध्येही आला. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर दबायचं आणि धुळीच्या एका कणाने अडकायचं. कीबोर्ड वरच्या कव्हरला पक्का, बॅटरीही त्याच कव्हरला चिकटवलेली, त्यामुळे एका बटणासाठी सगळं बदलायला लागायचं. ओरड इतकी झाली की जून २०१८ मध्ये ॲपलला खरेदीपासून चार वर्षं फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची मॉडेलवर जुनी कात्रीच परत आली आणि मे २०२० पर्यंत सगळ्या मॉडेलांतून बटरफ्लाय गेला. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात कंपनीने २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड केली. ते पैसे आपल्याकडच्या कोणाला मिळायचे नव्हते, ते असो. बटण सुधारलं, पण कीबोर्ड कव्हरला जखडायची पद्धत काही गेली नाही. आज स्वस्तातल्या स्वस्त पातळ लॅपटॉपमध्येही ती आहे.

मग बाजारातला माणूस अडीच हजारात कसं करतो? तो सुटा कीबोर्ड मागवतो, जुने खिळे कापतो, नवा बसवून सोल्डरिंगच्या गरम टोकाने उरलेले खुंट परत वितळवतो. हात चांगला असेल तर काम उत्तम होतं. हात चांगला नसेल तर मधली बटणं दाबल्यावर कीबोर्ड खाली वाकतो, खुळखुळतो, आणि वर्षभरात सुटतो. साध्या कीबोर्डचा सुटा भाग आमच्याकडे ८०० ते १,५०० च्या घरात पडतो, बटणांखाली उजेड असलेला, दिव्याचा असेल तर दोन हजारांच्या आसपास जातो. खिळ्यांच्या कामाची मजुरी ६०० ते १,००० धरा. तेव्हा अडीच हजार ही लूट नाही. फक्त त्याला आधी विचारा की खिळे वितळवणार की नुसता गोंद लावणार. गोंद म्हणाला तर दुसरा माणूस बघा.

भाग मागवताना गफलत कुठे होते ते मात्र नीट वाचा. लॅपटॉपच्या पोटावर लिहिलेल्या मॉडेलवरून कीबोर्ड मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे कीबोर्ड असतात. कीबोर्ड बाहेर काढल्यावर त्याच्या पाठीवर लेबल असतं, त्यावरचा पार्ट नंबर जुळला पाहिजे. दिव्याच्या कीबोर्डला एक जास्तीची बारीक केबल असते, ती आहे का बघा. बऱ्याच नव्या मशीनमध्ये चालू-बंदचं बटण कीबोर्डमध्येच असतं. ते नसलेला कीबोर्ड आला तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. एंटर बटण आडवं, एका ओळीतलं असलं पाहिजे, आपल्याकडे अमेरिकन मांडणी चालते. स्वस्तात येणाऱ्या मालात पुष्कळदा ब्रिटिश मांडणी असते. एंटर उभं, वाकडं, आणि ३ च्या डोक्यावर पाऊंडाची खूण. तुम्हाला इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या मांडणीत टाईप करायचं तर बटणं सगळी जागच्या जागी हवीत. (जाता जाता, इन्स्क्रिप्टमध्ये काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला आणि हलन्त डी वर. मराठी टायपिंगवाल्यांचे कीबोर्ड डावीकडून आधी झिजतात. इंग्रजीवाल्यांचा ई झिजतो, तुमचा डी आणि ई दोन्ही.) मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून भाग दोन-तीन दिवसांत येतो. कोल्हापूरहून आणखी लवकर, पण जुलै-ऑगस्टमध्ये करूळ घाट बंद असला तर पार्सल फोंड्यावरून फिरून येतं, तेव्हा एखादा दिवस जास्त धरा.

अडकून सतत उमटणाऱ्या बटणाचा तात्पुरता उपाय विचारतात. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमधून एखादं बटण बंद करता येतं किंवा त्याचं काम दुसऱ्या बटणाला देता येतं. बाणाचं काम असं भागेल. स्पेसबारचं भागणार नाही.

तक्रारीबद्दल. पहिला कीबोर्ड वॉरंटीत बदलल्याची जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेला कामाचा कागद, तुमच्याकडे आहे का? असेल तर तीच तुमची ताकद. तोच दोष पुन्हा आला हे कागदावर दिसतं. सर्व्हिस सेंटरकडून ११,५०० चं लेखी कोटेशन घ्या, भागाचं नाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. पाणी गेल्याचा फोटोही मागा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोनला पैसे पडत नाहीत आणि कंपनी वरून हलते असा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे, पूर्ण नाही तरी मजुरी माफ होते. त्यापुढे ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण ११,५०० साठी तारखा घेत बसावं असं मी तरी सांगणार नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टलही निघालं. माहिती मिळते, पण सुटा कीबोर्ड द्यायची सक्ती लॅपटॉप कंपन्यांवर आपल्याकडे अजून कोणी केलेली नाही.

कीबोर्ड बदलला तरी हवा तीच राहणार. म्हणून किनाऱ्यावर कीबोर्डला मी गाडीच्या टायरसारखा मानतो, झिजणारी वस्तू. तुमच्यासारख्या दिवसभर टाईप करणाऱ्यांनी घरी ५०० रुपयांचा तारेचा यूएसबी कीबोर्डच वापरावा, लॅपटॉप थोडा उंचावर मागे ठेवावा. पावसाळ्यात मशीन रोज चालू करा, आठवडाभर पडून राहिलेलं मशीन रोज वापरल्या जाणाऱ्यापेक्षा जास्त सडतं. बाहेरगावी जाणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आगोटीला पापड-कुरडया ठेवतो तितक्याच काळजीने. खिडकीखाली, समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडाशी टेबल असेल तर हलवा. चहा, सोलकढी, शहाळं काही सांडलंच तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन लगेच बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखं उलटं उभं करा आणि त्याच दिवशी दुकानात आणा. परत चालू करून बघू नका. साधं पाणी परवडलं. शहाळ्यात क्षार असतात, कोकमाचं सरबत आंबट, दोन्ही रेघा खातात.

पुढचा लॅपटॉप घ्यायची वेळ येईल तेव्हा दुकानात प्रोसेसरबद्दल विचाराल त्याआधी हे करा. लेनोवो, डेल, एचपी यांची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. तुमच्या पसंतीच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून भागांच्या यादीत "कीबोर्ड" स्वतंत्र लिहिलाय की "वरच्या कव्हरसह" ते बघा. स्वतंत्र असेल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी तोच घ्या. सांडलेल्या पाण्यालाही चालणारं अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे देऊन मिळतं, पण ते बहुतेक सुरुवातीलाच घ्यावं लागतं. आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी घेतलीत तर ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का हे लेखी घ्या. आपल्याकडे इंजिनिअर कोल्हापूर नाहीतर गोव्याहून येतो, आणि कुणकेश्वर म्हटल्यावर पुष्कळदा येतच नाही.

तर आधी रिबन पुसून घ्या. मशीन देण्यापूर्वी कामाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, समोर बसून टाका. रिबनने काम झालं नाही तर कीबोर्डच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो त्याच माणसाकडून काढून घ्या आणि भाग मागवायला सांगा. तो येईपर्यंत यूएसबी कीबोर्डवर तुमचं काम अडणार नाही.